फी भरू नका, भाडं भरा

रेडिंगहून एका आईचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून इथे गोषवाराच देते. इंग्लंडात येऊन नऊ वर्षं झाली, आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळून दोन. मुलगी इयर थर्टीनला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला, ए-लेव्हलला समाजशास्त्र, भूगोल आणि गणित. सप्टेंबरपासून तिला समाजशास्त्राचीच पदवी करायची आहे आणि दोन विद्यापीठांच्या ऑफर हातात आहेत. वडील आयटीत. त्यांचं म्हणणं, या विषयात पगार नाहीत आणि पोरगी चाळीस-पन्नास हजार पौंडांचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडणार, त्यापेक्षा अकाउंटिंग घ्यावं. मुलगी बधत नाही. शेवटी वडिलांनी तोड काढली की पुण्यातला फ्लॅट विकायचा आणि तिन्ही वर्षांची फी रोख भरून टाकायची. आई लिहितात, "ताई, माझे सासरे सोसायटीच्या कर्जापायी बारा वर्षं गावात मान खाली घालून वावरले. कर्ज हा शब्द निघाला की यांचा घास घशाखाली उतरत नाही. या विषयात पगार आणि कर्ज यांचा हिशेब बसतो का, तेवढं सांगा. आणि फ्लॅट विकावा का?"

फ्लॅट विकू नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं पुढचं पुराण वाचून होईपर्यंत तुमचे मिस्टर एजंटाला फोन करून मोकळे व्हायचे.

मी अठरा वर्षं एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पगार खात्यात काढली. दर महिन्याला शेकडो पे-स्लिपा डोळ्यांखालून जायच्या. 'स्टुडंट लोन' या ओळीसमोर काय आकडा असतो, हे मी जितक्या वेळा पाहिलंय तितकं फार कमी लोकांनी पाहिलं असेल. घरोघरी चर्चा चालते ती पन्नास हजारांची. स्लिपवर काय दिसतं? तुमच्या मुलीला जे नियम लागू होतील त्यांनी, वर्षाला २८,००० पौंड पगार असेल तर महिन्याला २२ पौंड. खरं तर साडेबावीस होतात, पण वरचे पेन्स सोडून द्यायचे असा नियमच आहे, पूर्ण पौंडच कापतात. पगार चोवीस हजार असेल तर ती ओळ रिकामी.

तुमच्या सासऱ्यांचं कर्ज वेगळ्या जातीचं होतं. पाऊस पडो न पडो, हप्ता ठरलेला. सातबारावर बोजा, जामीनदार म्हणून कुणा भाऊबंदाची सही, आणि थकबाकी राहिली की चारचौघांत नाव. पीक गेलं तरी देणं जात नाही, हा त्यातला खरा जाच. इथल्या विद्यार्थी कर्जात यातलं काही नाही. तारण नाही, जामीनदार नाही, तुमच्या घरावर बोजा नाही. ठरलेला हप्तासुद्धा नाही. पगार एका रेषेच्या वर गेला तर फक्त वरच्या रकमेचे नऊ टक्के, तेही हातात पगार पडायच्या आधीच कराबरोबर कापून जातात. नोकरी सुटली की कपात थांबली. बाळंतपणाच्या रजेत पगार उतरला की कपात उतरली. दारात कुणी येत नाही. मुदत संपली की उरलेलं माफ. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर तेव्हाच माफ, आईबापांकडे मागायला कुणी येत नाही.

मला विचाराल तर याला 'लोन' हे नाव देणाऱ्यानेच निम्मा घोळ घातलाय. हा पदवीधरांवरचा एक जास्तीचा आयकर आहे. फरक इतकाच की घेतलेली रक्कम फिटली किंवा मुदत संपली की तो थांबतो.

आता आकडे. ऑगस्ट २०२३ पासून पदवी सुरू केलेल्यांचं कर्ज 'प्लॅन ५'मध्ये येतं. रेषा २५,००० पौंडांची, मुदत ४० वर्षांची, व्याज आरपीआय या महागाई निर्देशांकाइतकं, त्याच्या वर काही नाही. त्याआधीच्या, २०१२ ते २०२३ मधल्या मुलांचा 'प्लॅन २'. त्यात रेषा थोडी वर, मुदत ३० वर्षांची, पण व्याज पगाराप्रमाणे आरपीआयवर तीन टक्क्यांपर्यंत चढतं. गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेत जे किस्से कानावर येतात, 'आमचा संदीप सहा वर्षं फेडतोय आणि कर्ज वाढतच चाललंय' वगैरे, ते बहुतेक प्लॅन २ चे. तुमच्या मुलीला ते जसेच्या तसे लावू नका. (हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वेगळं आहे.)

२०२५-२६ ची फी ९,५३५ पौंड. तीन वर्षांची २८,६०५. फी आता महागाईबरोबर वाढत जाणार आहे, त्यामुळे तुम्हाला थोडी जास्त पडेल, पण हिशेबाची चाल तीच राहते. राहण्याखाण्याचं कर्ज मात्र आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरतं. तुम्ही दोघांचा मिळून पगार लिहिला आहे, त्यावरून तिला कमीत कमी रक्कमच मिळेल. घर सोडून, पण लंडनबाहेर राहणाऱ्यांना ती २०२५-२६ च्या दराने वर्षाला ४,९१५ आहे. तीन वर्षांचे १४,७४५. बेरीज ४३,३५०. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा आकडा अगदी बरोबर आहे. शिकत असतानाच व्याज चढायला लागतं, पण ते महागाईइतकंच, म्हणून आपण सगळा हिशेब आजच्या किमतीत मांडू.

समजा तिला आजच्या किमतीत सरासरी ३५,००० मिळत राहिले. रेषेच्या वरचे दहा हजार, त्यांचे नऊ टक्के म्हणजे वर्षाला ९००, महिन्याला ७५. चाळीस वर्षांचे झाले ३६,०००. घेतले ४३,३५०, दिले ३६,०००, राहिलेले माफ. पंचेचाळीस हजार मिळाले तर वर्षाला १,८००, आणि चोवीस-पंचवीस वर्षांत फिटलं. साठ हजारांवर पोचली तर वर्षाला ३,१५० आणि चौदाएक वर्षांत मोकळी.

व्याज महागाईइतकंच असल्यामुळे, घेतलं त्याहून जास्त मोलाचा पैसा ती परत देतच नाही. वर मर्यादा आहे. खाली मात्र मर्यादा नाही. कमी कमावलं तर कमी देईल, काहीच नाही कमावलं तर काहीच देणार नाही. फी रोख भरलीत की ही सगळी सूट तुम्ही आपल्या हाताने सोडून दिलीत. म्हणून 'समाजशास्त्रात पगार कमी, तेव्हा रोख भरू' हा तुमच्या मिस्टरांचा विचार नेमका उलटा पडतो. पगार कमी राहण्याची धास्ती जितकी जास्त, तितकं हे कर्ज घेण्यात शहाणपण. ज्या मुलीला बँकेत लठ्ठ पगार मिळणार याची खात्री आहे, तिच्या बापाने रोख भरली तर एक वेळ समजू शकते.

आणखी एक. कर्ज घेतलं आणि उद्या मुलगी खरोखरच भरपूर कमवायला लागली, तर ते केव्हाही फेडता येतं, दंड बसत नाही. उलट आज भरलेली फी दहा वर्षांनी परत मागता येत नाही. मग घाई कशाला?

हे ज्ञान मला अनुभवाने आलंय, म्हणजे उशिरा आलंय. माझी थोरली प्लॅन २ मधली. २०१८ साली आमच्या हातात थोडा पैसा आला आणि यांनी हौसेने तिच्या कर्जात पाच हजार पौंड भरले. मी पगार खात्यातली, तरी मला सुचलं नाही! तिच्या नावावर तेव्हा चव्वेचाळीस हजारांच्या आसपास होते, ते एकोणचाळीस झाले. पुढच्या महिन्याची पे-स्लिप आली, कपात तितकीच. एका पौंडाचा फरक नाही. असणार कसा? कपात पगारावर ठरते, शिल्लक कर्जावर नाही. ते पाच हजार परत मागायची सोयही नव्हती. त्याच वर्षी ती भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी मैत्रिणीकडून उसने घेत होती, हे आम्हाला नंतर कळलं. ते आठवलं की अजून जीव चुटपुटतो.

तेव्हा वर्षातून एकदा जे स्टेटमेंट येईल, ते मिस्टरांपासून लपवून ठेवा म्हणत नाही, पण आधी त्यांना एवढं समजावून सांगा. २०२५-२६ मध्ये प्लॅन ५ चा व्याजदर ३.२ टक्के आहे. ४३,३५० वर तो झाला वर्षाला जवळजवळ १,३९०. पस्तीस हजार पगारावर कपात ९००. म्हणजे आकडा वाढलेला दिसणार. पगार साधारण ४०,४०० च्या वर गेला की मग तो उतरायला लागेल. वाढला म्हणून तिचं काही थकलेलं नसतं, आणि तिच्या क्रेडिट फाइलवरही हे कर्ज दिसत नाही. घरासाठी कर्ज मागायला गेली तर बँक फक्त दरमहा किती कापलं जातं ते विचारात घेईल.

सरकारवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. मी वर धरून चालले की २५,००० ची रेषा महागाईबरोबर वर सरकत राहील. सध्या ती एप्रिल २०२७ पर्यंत तिथेच रोवलेली आहे, त्यानंतर सरकेल असं सांगितलंय. पण प्लॅन २ वाल्यांना काय अनुभव आला ते पाहा. २०१५ मध्ये त्यांची रेषा २१,००० वर गोठवायचं ठरलं, ओरड झाल्यावर २०१८ ला ती एकदम २५,००० झाली, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२७ पासून तीन वर्षं पुन्हा गोठवायचं जाहीर झालं. रेषा हलली नाही आणि पगार महागाईने फुगले, की कपात आपोआप वाढते. त्यामुळे प्लॅन ५ मधले निम्म्याहून जास्त जण आपलं कर्ज पूर्ण फेडतील, हा सरकारचाच अंदाज आहे. तुमची मुलगी त्यांच्यात असू शकेल. तरी चाळीस वर्षांत थोडं थोडं दिलेले त्रेचाळीस हजार आणि आज फ्लॅट विकून दिलेले, यांची बरोबरी होत नाही.

पगाराच्या बाबतीत मात्र तुमच्या मिस्टरांची बाजू मी उचलून धरते. समाजशास्त्रात सुरुवातीचे पगार कमी आहेत. अर्थशास्त्र, संगणक, इंजिनिअरिंग यांच्या शेजारी ठेवले तर उघडच कमी. सगळे विषय आणि सगळी वयं मिळून २०२४ ला पदवीधरांचा मधला पगार ४२,००० पौंड होता आणि पदवी नसलेल्यांचा ३०,५००. पण ही सगळ्यांची खिचडी आहे, त्यात डॉक्टरही आले आणि बँकवालेही. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजचा २०२० चा अभ्यास जास्त कामाचा आहे. कर आणि विद्यार्थी कर्ज वजा जाता, पदवीमुळे आयुष्यभरात बाईमाणसाच्या पदरात सरासरी एक लाख पौंड जास्त पडतात, पुरुषाच्या एक लाख तीस हजार, असं त्यांनी काढलं. त्याच अभ्यासात हेही आहे की दर पाचातला साधारण एक जण कॉलेजला गेलाच नसता तर पैशाच्या दृष्टीने बरा राहिला असता. तुमच्या घरातली खरी काळजी ही असायला हवी, की आपली मुलगी त्या पाचव्यात जाऊ नये.

आकडे बघायचे तर 'डिस्कव्हर युनि' या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवून बघा. पदवीनंतर पंधरा महिन्यांनी, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी काय पगार होते ते तिथे मिळतं. तीन आणि पाच वर्षांचे आकडे करखात्याच्या नोंदींतून घेतलेले आहेत, म्हणजे कुणी बढाई मारून लिहिलेले नाहीत. वाचताना एक लक्षात ठेवा. त्या नोंदींत कोण पूर्ण वेळ काम करतं आणि कोण आठवड्याचे तीन दिवस, हे कळत नाही. समाजशास्त्रात मुली जास्त, आणि पुष्कळशा शाळांत, कौन्सिलमध्ये, संस्थांत लागतात, जिथे अर्धवेळ कामाची सोय असते. त्यामुळे आकडा दिसतो त्यापेक्षा पूर्ण वेळेचा पगार बरा असतो. किती बरा, हे ज्याच्या त्याच्या कामावर. शिवाय वर्ग लहान असेल तर शेजारच्या विषयांचे आकडे मिसळून दाखवतात, तळाची बारीक टीप वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

तुम्ही दोन्ही ठिकाणच्या मॉड्यूलच्या याद्या जोडल्यात हे फार बरं केलंत. पत्रातलं सगळ्यात मोलाचं पान मला तेच वाटलं.

पहिल्या विद्यापीठाची यादी वाचायला बहारदार आहे. सणांचं समाजशास्त्र, शरीर, प्रसिद्धी, अन्न... मला स्वतःला जाऊन बसावंसं वाटलं. पण संशोधनपद्धतीचं सक्तीचं मॉड्यूल तीन वर्षांत एकच, तेही पहिल्या वर्षी, जेव्हा मुलांचं लक्ष नव्या मित्रमैत्रिणींत असतं. दुसऱ्या विद्यापीठाची यादी रुक्ष आहे. पहिल्या वर्षी सर्वेक्षण कसं करायचं, दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र आणि 'आर' या संगणकाच्या भाषेत आकडेवारी हाताळणं, तिसऱ्या वर्षी स्वतः गोळा केलेल्या माहितीवर प्रबंध, आणि मध्ये हवं तर एक वर्ष नोकरीचं. तुमची मुलगी गणित घेऊन आली आहे. समाजशास्त्राला येणाऱ्या पुष्कळ मुली गणितापासून पळून आलेल्या असतात, ही नाही. तिने दुसरीकडे जावं.

२०१३ साली नफील्ड फाउंडेशनने इतरांबरोबर पैसे घालून 'क्यू-स्टेप' नावाचा कार्यक्रम सुरू केला, सुरुवातीला पंधरा विद्यापीठांत. कारण हेच की समाजशास्त्रं शिकलेल्या मुलांना आकडे वाचता येत नाहीत अशी तक्रार होती. सरकारी खात्यांत सामाजिक संशोधकांचा एक वेगळा वर्गच आहे, 'गव्हर्न्मेंट सोशल रिसर्च'. तिथे अर्ज करताना पदवीत संशोधनाच्या पद्धती किती शिकलात हे विचारतात. न्यूपोर्टचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आहे. १९८३ पासून ब्रिटिश लोकांची मतं मोजणारं ते मोठं सर्वेक्षण चालतं, तसली कामं करणाऱ्या संस्था आहेत. आमच्या कौन्सिलमध्ये एक मुलगी होती, समाजशास्त्राचीच. गृहनिर्माण खात्यात फोन घ्यायला लागली होती. कुठल्या गल्लीतून घरभाड्याची थकबाकी जास्त येते आणि का, याचा एक तक्ता तिने कुणी न सांगता करून साहेबांपुढे ठेवला. दीड वर्षात तिची पे-स्लिप माझ्याकडे वेगळ्या श्रेणीतून यायला लागली. पदवी तीच, पण तिला लोकांना प्रश्न कसे विचारायचे हेही येत होतं आणि उत्तरं मोजायची कशी हेही.

नोकरीचं ते मधलं वर्ष तिने जरूर घ्यावं. त्या वर्षाची फी पूर्ण फीच्या वीस टक्क्यांच्या वर लावता येत नाही, आणि पगारी काम मिळालं तर खर्चाची बाजू जवळजवळ भागते.

आता जिथे मी खरंच घाबरवणार आहे ते. पहिल्या कर्जाला भिऊ नका, दुसऱ्याला भ्या. समाजशास्त्र करून बाहेर पडलेली मुलं नोकरी लगेच लागली नाही की 'मास्टर्स करून टाकते' म्हणतात. मास्टर्सचं कर्ज वेगळं. २०२५-२६ ला जास्तीत जास्त १२,८५८ पौंड, कपात २१,००० च्या वर सहा टक्के, आणि व्याज आरपीआय अधिक तीन. ही कपात पहिलीच्या जागी येत नाही, पहिलीच्या जोडीला येते. पस्तीस हजार पगारावर पहिलीचे ७५ आणि दुसरीचे ७०, म्हणजे महिन्याला १४५. नोंदणीकृत सोशल वर्कर व्हायचं असेल तर समाजशास्त्राच्या पदवीवर भागत नाही, त्यासाठी पुढचं मान्यताप्राप्त शिक्षण लागतंच. तसं ठरलेलं कारण असेल तर घ्यावं. नोकरी मिळेना म्हणून वेळ काढायला घेऊ नये. पोरीशी बोलायचंच असेल तर या विषयावर बोला. पदवीचा विषय बदलायला लावण्यात आता तथ्य नाही. मनाविरुद्ध अकाउंटिंगला घातलेली मुलगी तिथे काठावर पास झाली, तर कर्ज तेवढंच राहील आणि पगाराचा भरवसाही राहणार नाही.

आणि तुमचा पैसा? तो लागणार आहे, फक्त दुसऱ्या जागी. राहण्याखाण्याचं कर्ज २०२५-२६ च्या दराने जास्तीत जास्त १०,५४४ मिळतं, तुमच्या मुलीला ४,९१५. मधले ५,६२९ कुणी द्यायचे? आईवडिलांनी, असं सरकारने गृहीत धरलंय, पण ते तुम्हाला ठळक अक्षरांत कुणी सांगत नाही. या खड्ड्यासाठी कर्जही मिळत नाही. होस्टेलचं भाडं एवढं की कमीत कमी कर्ज तिथेच संपतं. मग मुली आठवड्याला वीस-वीस तास कॅफेत आणि दुकानांत उभ्या राहतात, सकाळचं संख्याशास्त्राचं लेक्चर बुडवतात, आणि नेमक्या त्याच विषयात मार खातात. फी तुम्ही न भरता भरली जाईल. भाडं तुम्ही नाही दिलंत तर ती देईल, झोपेतून आणि अभ्यासातून. महिन्याला साडेचारशे-पाचशे पौंड तिच्या खात्यावर ठरल्या तारखेला जातील एवढी व्यवस्था करा. त्याला फ्लॅट विकावा लागत नाही.

फ्लॅट राहू दे. पुढे तिला इथे पहिलं घर घेताना डिपॉझिट लागेल तेव्हा तो विषय काढा. तेव्हाही विकण्याआधी दोन्ही देशांतला कर समजणारा हिशेबनीस गाठा, कारण इथे राहणाऱ्याने भारतात मालमत्ता विकली की दोन्हीकडच्या करखात्यांशी गाठ असते.

मिस्टरांना अकाउंटिंगचा फारच ध्यास असेल तर त्यांनी डिग्री अप्रेंटिसशिपबद्दल, म्हणजे नोकरी करता करता पदवी घेण्याबद्दल, वाचावं. फी शून्य, पहिल्या दिवसापासून पगार. जागा थोड्या आणि चुरस भयंकर. आपल्या घरांत हा पर्याय कुणी तोंडातच घेत नाही, 'अप्रेंटिस' म्हटलं की आयटीआय आठवतं. पण तो तुमच्या मुलीचा मार्ग नाही, असं पत्रातल्या तिच्याबद्दलच्या ओळींवरून वाटतं. धाकट्याच्या वेळी बघा.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण यावर दर महिन्याला दोन-चार पत्रं येतात. वरचं सगळं या बाईंना लागू आहे कारण त्यांच्याकडे आयएलआर आहे आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी तीन वर्षांहून जास्त वास्तव्य आहे. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल तर मुलाला सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते आणि हे कर्ज मिळत नाही. लहानपणापासून इथे वाढलेल्या मुलांसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत. अठराच्या आत असेल तर सात वर्षांचं वास्तव्य, वर असेल तर निम्मं आयुष्य, अशा स्वरूपाच्या. ऑफर स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या फी विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

पत्राच्या शेवटी ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय की ती उद्या भारतात कामाला गेली तर कर्ज बुडेल का. बुडत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर जाणार असेल तर स्टुडंट लोन्स कंपनीला कळवायचं, तिथला पगार कळवायचा, आणि त्या देशासाठी ठरवलेल्या रेषेवरून कपात ठरते. भारताची रेषा इथल्यापेक्षा बरीच खाली असते. कळवलं नाही तर ते आपल्या मनाने रक्कम ठरवून मागतात. आणि पहिल्या नोकरीत फॉर्म भरताना 'प्लॅन ५' वरच खूण करायला सांगा. चुकीच्या प्लॅनवर खूण केलेल्या मुलांच्या कपाती निस्तरण्यात माझी कित्येक मार्च-अखेर गेली आहे. तसंच, पगार वर्षाला चोवीस हजार असताना एखाद्या महिन्यात सहाशे पौंड ओव्हरटाइम आला, तर त्या महिन्यात ४६ पौंड कापले जातात, कारण हिशेब महिन्याच्या रेषेने, म्हणजे २,०८३ ने होतो. वर्षाची बेरीज पंचवीस हजारांच्या आत राहिली असेल तर ते पैसे अर्ज करून परत मिळतात. मागितले तरच.